भारतीय मूत्रपिंडाचा गुणक

गेल्या काही वर्षांत रक्ततपासणीच्या रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या खाली ‘ईजीएफआर’ नावाची एक ओळ छापून येऊ लागली आहे. तिने घरोघरी एक नवी धास्ती निर्माण केली आहे आणि वैद्यकीय वर्तुळात एक जुना वाद पुन्हा जागा केला आहे. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळतात, याचा तो अंदाज असतो. हा अंदाज ज्या सूत्राने काढतात ते सूत्र अमेरिकेत बसवलेले आहे. म्हणून एक पक्ष म्हणतो की आमची शरीरे वेगळी आहेत, तेव्हा सूत्रही आमचे हवे, आणि ते होईपर्यंत निदान अमेरिकन उत्तराला एका भारतीय गुणकाने गुणावे. दुसरा पक्ष म्हणतो की विज्ञानाला देश नसतो, जगाने मान्य केलेले सूत्र आहे तसेच चालू द्यावे. मला हे दोघेही चुकीच्या प्रश्नावर भांडताना दिसतात. माझे मत आधीच सांगून टाकतो. प्रचलित सूत्र अनेक भारतीयांच्या बाबतीत चुकते ही तक्रार खरी आहे. पण त्यावर राष्ट्रीयत्वाचा गुणक हे औषध नव्हे. ज्या द्रव्यावरून आपण अंदाज बांधतो त्याच्या जोडीला दुसरे द्रव्य घेणे आणि मोजण्याची रीत सुधारणे हा खरा उपाय आहे, आणि स्वीडनमधील एका क्लिनिकल केमिस्ट्रीच्या प्राध्यापकाने तो चाळीस वर्षांपूर्वीच पुढे ठेवला आहे.

क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या झिजेतून निघणारा कचरा आहे. मूत्रपिंड तो गाळून बाहेर टाकते; गाळण मंदावली की तो रक्तात साचतो. यावरून मूत्रपिंडाची तब्येत ओळखायची ही कल्पना सोपी आणि उपयोगी आहे, परंतु तिच्यात एक खोच आहे. रक्तातील क्रिएटिनिन किती गाळले जाते यावर जितके अवलंबून असते, तितकेच ते मुळात किती तयार होते यावरही असते. अट्ठावीस वर्षांच्या पुरुषाचे क्रिएटिनिन १.१ असेल तर अमेरिकेत २०२१ मध्ये आलेल्या सूत्राप्रमाणे त्याची गाळण सुमारे ९४ येते. अडुसष्ट वर्षांच्या स्त्रीचे क्रिएटिनिन तेच १.१ असेल तर ती सुमारे ५५ येते. पहिला निरोगी ठरतो. दुसरीची गाळण तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिली, तर २००२ पासून रूढ असलेल्या व्याख्येनुसार तिला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार आहे. तरीही ‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे’ या तीन शब्दांवर आपल्याकडे किती वृद्ध स्त्रियांना घरी पाठवले गेले असेल? ईजीएफआर छापणे म्हणजे लॅबवाल्यांनी उठवलेली भीती आहे, असे म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे. वय आणि लिंग सूत्रात येतात ते स्नायूंचा अंदाज बांधण्यासाठी. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो, कारण वय आणि लिंग ठाऊक असले म्हणून दंडाचा घेर ठाऊक होत नाही.

गुणकवाद्यांची बाजू कच्ची नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले होते. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. वजनकाट्यावर सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, हे एका चित्राने जगाला पटवले. स्नायू कमी म्हणजे क्रिएटिनिनची निर्मिती कमी, आणि निर्मिती कमी म्हणजे मूत्रपिंड थकलेले असूनही रक्तातला आकडा गोंडस. शाकाहाराने त्यात आणखी भर पडते. चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतील संशोधकांनी इन्युलिन, म्हणजे केवळ मूत्रपिंडातूनच गाळून बाहेर पडणारे एक द्रव्य, शिरेतून देऊन प्रत्यक्ष गाळण मोजली आणि २०१८ मध्ये दाखवून दिले की प्रचलित क्रिएटिनिन-सूत्रे भारतीयांची गाळण आहे त्याहून जास्त दाखवतात. कराचीतील संशोधकांनी तर २०१४ मध्ये अमेरिकन सूत्राला पाकिस्तानी दुरुस्ती जोडलीही. जपानकडे स्वतःचे सूत्र आहे. मग आपणच का थांबायचे?

थांबायचे, कारण जपानच्या शेजारी चीन आहे. अमेरिकन सूत्राला चिनी रुग्णांसाठी २००६ मध्ये सुचवलेला गुणक १.२३३ होता, जपानी रुग्णांसाठी २००९ मध्ये सुचवलेला गुणक ०.८०८. एकाच अमेरिकन उत्तरात चिनी माणसासाठी जवळपास चतुर्थांश भर घालायची आणि जपानी माणसासाठी पाचवा हिस्सा वजा करायचा! समुद्राच्या दोन काठांवरच्या या माणसांचे स्नायू इतके उलटसुलट आहेत, यावर कोणाचा विश्वास बसेल? खरी गोम अशी की चीनमध्ये प्रत्यक्ष गाळण एका किरणोत्सारी द्रव्याच्या रक्तातील घटीवरून मोजली होती, तर जपानमध्ये ती इन्युलिन लघवीतून किती वेगाने बाहेर पडते यावरून मोजली होती. क्रिएटिनिनच्या चाचण्यांच्या मापांकनाचा फरक त्यात आणखी मिसळला. म्हणजे वंशाचा गुणक म्हणून जो आकडा मिरवला गेला, त्यात प्रयोगशाळेच्या सवयींचा वाटा मोठा होता. कराचीच्या किंवा उद्या दिल्लीच्या गुणकात असे काही मिसळलेले नसेल, याची हमी कोण देणार?

प्रयोगशाळेच्या या सवयींकडे आपल्या वादात कोणी ढुंकूनही पाहत नाही, आणि मला तर तोच विषयाचा गाभा वाटतो. १८८६ मध्ये क्योनिग्सबर्गच्या माक्स याफे यांनी अल्कधर्मी द्रावणात पिक्रिक आम्ल घातले की क्रिएटिनिनमुळे नारिंगी-लाल रंग येतो, असे नोंदवले. त्यानंतर विमाने आली, अणुबॉम्ब आला, माणूस चंद्रावर जाऊन आला. पण आपल्याकडील असंख्य लॅबमध्ये क्रिएटिनिन आजही त्याच रंगावरून मोजले जाते. हा रंग एकनिष्ठ नाही. ग्लुकोज, प्रथिने, काही प्रतिजैविके आणि मधुमेह बिघडल्यावर रक्तात चढणारे कीटोन हेही तो थोडाफार देतात, तर कावीळ झालेल्यांच्या रक्तातले बिलिरुबिन तो उलट दडवते. निरोगी माणसाच्या रक्तात या उपऱ्या रंगाचा वाटा वीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. आता मघाचीच अडुसष्ट वर्षांची स्त्री घ्या. एका लॅबने तिचे क्रिएटिनिन ०.९ सांगितले आणि दुसऱ्या लॅबने १.१, तर तिची गाळण एका रिपोर्टवर ७० आणि दुसऱ्यावर ५५ होते. हा फरक जपानी गुणकाएवढा आहे! ज्या फुटपट्टीवरच्या खुणाच हलतात, तिने मापलेल्या लांबीला वंशाने गुणून कोणती अचूकता येणार? एन्झाइमवर आधारलेली चाचणी उपलब्ध आहे, आंतरराष्ट्रीय संदर्भद्रव्याशी जुळवलेले मापांकन उपलब्ध आहे. त्यांचा आग्रह धरणे कंटाळवाणे असते आणि त्यातून राष्ट्राभिमानाचा मथळा निघत नाही, एवढेच.

शिवाय गुणकातला हा ‘भारतीय’ कोण? कोल्हापूरच्या तालमीत मटण, दूध आणि बदामावर पोसलेल्या पैलवानाचे क्रिएटिनिन मूत्रपिंड ठणठणीत असतानाही १.४ असू शकते, जपानसारख्या ०.८ च्या गुणकाने गुणले की तो बिचारा कागदावर मूत्रपिंडाचा रोगी होईल. बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या, चाळीस-पंचेचाळीस किलो वजनाच्या बाईच्या बाबतीत कदाचित तोच गुणक तोकडा पडेल. लेस्टरमध्ये जन्मलेल्या आणि तिथल्याच आहारावर वाढलेल्या मराठी कुटुंबातल्या मुलीला तो लावायचा की नाही, हे तिच्या पासपोर्टवरून ठरवायचे की आडनावावरून? माणसांच्या गटाची सरासरी काढून ती त्या गटातल्या प्रत्येकाच्या अंगावर चढवण्याचा उद्योग आपल्या देशाला नवा नाही. हर्बर्ट रिस्ली या इंग्रज अधिकाऱ्याने नाकांची लांबी-रुंदी मोजून जातींची सामाजिक उतरंड नाकाच्या रुंदीशी जुळते असा सिद्धान्त मांडला होता, आणि हेच रिस्ली पुढे १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त झाले. मोजमाप बारकाईने केलेले होते. विचारलेला प्रश्न चुकीचा होता. आजच्या मूत्रपिंडतज्ज्ञांचा हेतू रिस्लीचा नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु सरासरीचे गणित हेतू विचारत नाही.

हेतू चांगला असतानाही काय घडते, हे अमेरिकेने अलीकडेच पाहिले आहे. १९९९ मध्ये तिथे जे सूत्र आले त्यात कृष्णवर्णीय रुग्णाच्या उत्तरात सुमारे अठरा टक्के भर घातली जाई. त्याच्या सुटसुटीत आवृत्तीत ही भर एकवीस टक्क्यांवर गेली आणि २००९ च्या सुधारित सूत्रात ती सोळा टक्क्यांच्या आसपास राहिली. त्या अभ्यासांतील कृष्णवर्णीयांचे क्रिएटिनिन सरासरीने जास्त होते हे खरेच होते, आणि त्यांचे स्नायू अधिक असतात असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. त्याचा व्यवहारातला अर्थ असा झाला की तिथे प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत काळ मोजला जाण्यासाठी गाळण २० पर्यंत उतरावी लागते, आणि कृष्णवर्णीयांचा कागदावरचा आकडा तिथवर उशिरा उतरे. २०२१ मध्ये वंशाचा उल्लेख नसलेले सूत्र आले, त्याच वर्षी ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांतूनही वांशिक दुरुस्ती गळाली, आणि जानेवारी २०२३ पासून अमेरिकेतील प्रत्यारोपण केंद्रांना अशा रुग्णांचा बुडालेला प्रतीक्षाकाळ शोधून परत द्यावा लागला. आपले गुणकवादी यावर म्हणतात की अमेरिकन गुणक आकडा वाढवून रोग लपवत होता, आमचा गुणक तो कमी करून रोग उघडा पाडेल. युक्तिवाद चपखल वाटतो, पण अर्धवट आहे. आकडा सरसकट खाली आणल्याने नुकसान थांबत नाही, ते दुसऱ्यांच्या वाट्याला जाते. भारतात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांमध्ये बायकांचे, म्हणजे आया आणि पत्नींचे, प्रमाण मोठे आहे; त्यांतील काहीजणी निष्कारण अपात्र ठरतील. कार्बोप्लॅटिनसारख्या कर्करोगावरील औषधाची मात्रा थेट गाळणीच्या आकड्यावरून ठरते; तो आकडा खोटा कमी असेल तर औषध अपुरे पडेल. मेटफॉर्मिन ही मधुमेहावरील गोळी गाळण ३० च्या खाली गेली की देत नाहीत. कोणाचे तरी स्वस्त आणि चांगले औषध कारणाशिवाय बंद होईल.

मग क्रिएटिनिनच्या पलीकडे काय? इथे लुंड विद्यापीठातील अँडर्स ग्रुब यांच्या कामाकडे वळावे लागते, आणि ते ज्या क्रमाने घडले तो क्रमही पाहण्याजोगा आहे. १९६१ मध्ये मेंदूभोवतीच्या द्रवात आणि मूत्रनलिकांचा विकार असलेल्यांच्या लघवीत एक बारीकसे प्रथिन सापडले होते. ते काय करते कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून त्याला ‘गॅमा-ट्रेस’ असे अनाथाला शोभेल असे नाव मिळाले. ग्रुब आणि त्यांचे सहकारी लोफबर्ग यांनी ते मोजण्याची रीत बसवली, तेव्हा डायलिसिसवरील रुग्णांच्या रक्तात ते कित्येक पटींनी वाढलेले दिसले. १९८२ मध्ये त्यांनी त्याच्या १२० अमिनो आम्लांचा क्रम उलगडला. पुढे ते प्रथिन-विघटन रोखणाऱ्या गटातले निघाले आणि त्याला ‘सिस्टॅटिन सी’ हे नाव मिळाले. आइसलँडमधील काही कुटुंबांत ऐन तारुण्यात मेंदूतील रक्तस्रावाने माणसे दगावत. या आजाराची गाठही याच प्रथिनातील दोषाशी आहे, हे उलगडण्यातही ग्रुब यांचा हात होता. आणि १९८५ मध्ये ग्रुब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवले की शरीरातील केंद्रक असलेल्या साऱ्याच पेशी हे प्रथिन बऱ्यापैकी स्थिर वेगाने तयार करतात, मूत्रपिंड ते सहज गाळते, तेव्हा गाळणीचे माप म्हणून ते वापरावे. स्नायूंचा प्रश्नच इथे बराचसा मिटतो: पैलवान आणि ऊसतोड कामगार यांच्या पेशी या बाबतीत सारख्याच.

मला या कहाणीतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो त्यानंतरचा. शोध लागला म्हणजे चाचणी झाली, असे नसते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या चाचण्या एकाच नमुन्याचे वेगवेगळे आकडे देत, आणि त्यामुळे सिस्टॅटिनची सूत्रेही एकमेकांशी जुळत नसत. ग्रुब यांच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय गटाने त्यासाठी प्रमाण संदर्भद्रव्य तयार केले, ते २०१० मध्ये. १९८५ ते २०१०, म्हणजे पंचवीस वर्षे. या पंचवीस वर्षांत वृत्तपत्रात छापून यावे असे काही घडले नाही. पण लंडनचा आकडा आणि लुंडचा आकडा एकच असावा, या एका गोष्टीवर बाकी सगळे उभे असते. २०१२ मध्ये क्रिएटिनिन आणि सिस्टॅटिन दोन्ही एकत्र वापरणारे सूत्र आले आणि ते एकेकट्याहून अचूक ठरले. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत, सिस्टॅटिन उपलब्ध असेल तिथे एकत्रित सूत्रच वापरावे असे म्हटले आहे. युरोपातील संशोधकगटाचे काम आपल्या वादासाठी अधिक बोलके आहे. त्यांच्या क्रिएटिनिन-सूत्रात प्रत्येक लोकसमूहासाठी निरोगी माणसांचे वेगळे मध्यमूल्य घालावे लागते. २०२३ मध्ये त्यांनी त्याच चौकटीत सिस्टॅटिन बसवले, तेव्हा वंशाची आणि लिंगाचीही गरज उरली नाही.

सिस्टॅटिन हे रामबाण नाही. थायरॉइड वाढला की ते वाढते, स्टिरॉइड घेतल्यावर वाढते, लठ्ठपणा, धूम्रपान आणि शरीरातील दाह यांनीही त्याचा आकडा हलतो. चरबी जास्त असलेल्या भारतीय देहाच्या बाबतीत हा आक्षेप हलका नाही. पण दोन साक्षीदारांपैकी एक स्नायूंमुळे आणि दुसरा चरबीमुळे बहकत असेल, तर दोघांना एकत्र ऐकण्यातच शहाणपण आहे. आणि दोघांच्या जबान्या फारच वेगळ्या पडल्या, तर ती विसंगतीही माहितीच असते. लुंडमधली रीत हीच आहे: दोन्ही अंदाज जुळले तर सरासरी घ्या, जुळले नाहीत तर कारण शोधा. यातूनच ग्रुब आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये असा सिद्धान्त मांडला की काही रुग्णांत गाळणीची छिद्रेच आक्रसतात, छोटे क्रिएटिनिन निसटते पण त्याहून शंभरपटींहून मोठे सिस्टॅटिन अडते, आणि अशा रुग्णांत मृत्यूचे प्रमाण जास्त दिसते. ही छिद्रे खरोखरच आक्रसतात की या फरकामागे दुसरेच काही आहे, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि माझ्या मते ते रास्तही आहेत. एवढे मात्र नक्की की गुणक लावला असता तर हा प्रश्न कोणाला पडलाच नसता. गुणक विसंगती गिळून टाकतो.

राहिला पैशाचा आक्षेप, आणि तोच सर्वांत भारी आहे. सिस्टॅटिनची चाचणी क्रिएटिनिनच्या कित्येक पट महाग पडते. तालुक्याच्या ठिकाणी ती मिळतही नाही. ज्या देशात डायलिसिससाठी माणसे शेत विकतात, तिथे प्रत्येकाला सिस्टॅटिन करायला सांगणे हा क्रूर विनोद होईल. पण प्रत्येकाला ते करायचेच नाही. तरुण, निरोगी, मधुमेह वा रक्तदाब नसलेल्या माणसाला क्रिएटिनिन पुरते. ज्यांचा आकडा ४५ ते ६० च्या पट्ट्यात घुटमळतो, जे अवयवदाते होऊ पाहतात, ज्यांना विषारी औषधांची मात्रा नेमकी हवी आहे, जे फार कृश आहेत किंवा ज्यांचा पाय कापावा लागला आहे, त्यांच्यासाठी जिल्हा रुग्णालयापर्यंत ही चाचणी सरकारी खर्चाने न्यावी. बाकीच्यांसाठी लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर आहे, जे मूत्रपिंडाची गाळणी फाटू लागल्याची खबर गाळण मंदावण्याच्या पुष्कळ आधी देऊ शकते. दहा कोटींहून अधिक मधुमेही असलेल्या या देशात ती साधी लघवीची चाचणी वर्षातून एकदाही न होणारे रुग्ण किती आहेत, हा प्रश्न भारतीय सूत्रावर चर्चा करणारे क्वचितच विचारतात. आणि भारतीय संशोधकांना भारतीयच काही करायचे असेल, तर पीजीआयने केले तसे प्रत्यक्ष गाळणीचे मोजमाप आणखी दहा-बारा शिक्षण-रुग्णालयांत, एन्झाइम पद्धतीच्या क्रिएटिनिनसह आणि सिस्टॅटिनसह, पैलवानांपासून ऊसतोड कामगारांपर्यंत सर्वांवर करावे. त्यातून सूत्र निघाले तर ते देहाच्या मोजमापांवर बसलेले असेल.

शेवटी उरतो तो मवाळ युक्तिवाद: हे सगळे होईपर्यंत तात्पुरता गुणक लावायला काय हरकत आहे? हरकत अशी की वैद्यकात तात्पुरते गुणक जात नाहीत. १९७६ मध्ये मॉन्ट्रियलमधील माजी सैनिकांच्या रुग्णालयात कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी २४९ रुग्णांवरून एक सूत्र बांधले. रुग्ण जवळपास सगळे पुरुष होते. स्त्रियांसाठी काय करायचे? त्यांच्यात स्नायू थोडे कमी, असे धरून उत्तराला ०.८५ ने गुणावे असे त्यांनी सुचवले. हा आकडा त्यांच्या स्वतःच्या मोजमापांतून निघाला नव्हता. पुढची सूत्रे आली आणि गेली, परंतु अनेक औषधांच्या मात्रा आजही याच सूत्राने ठरतात, आणि सत्तर वर्षांच्या एखाद्या बाईला रक्त पातळ करण्याची गोळी किती मिलिग्रॅम द्यायची याचा हिशेब करताना पुण्यातला किंवा पणजीतला डॉक्टर मोबाइलवर तेच ०.८५ दाबतो.